बोंडी : जन्मतः डावा हात अपुरा असलेल्या मुलीचं प्रकरण

मे २०२४ चा शेवटचा आठवडा. जळगावात पारा पंचेचाळीसला टेकलेला. चोपडा तालुक्यातून सकाळच्या एसटीनं आलेलं एक कुटुंब माझ्या तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलं होतं: आई, वडील, आजी आणि चार वर्षांची मुलगी. वडिलांच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं होतं. आत आल्यावर त्यांनी ते टेबलावर सोडलं. आतून प्लास्टिकचा हात निघाला. गुलाबीसर गोरा, कापडाच्या दुकानातल्या पुतळ्याला असतो तसा. मुलगी सावळी.

"हाऊ आते बसत नही," वडील म्हणाले. "नवा पाहिजे मॅडम. बोटं हालणारा."

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहिते आहे.)

वडील केळी कटाईच्या टोळीत. घरची थोडी कोरडवाहू जमीन, तिच्यात कापूस. मुलगी एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यातली, म्हणजे लॉकडाऊनमधली. डावा हात कोपराच्या थोडं खाली संपलेला. एरवी अशा बाळाची नोंद होते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येऊन बघतं, जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. त्या वर्षी सगळी यंत्रणा करोनाच्या मागे होती. मुंबईला हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत जा असं कुणीतरी सुचवलं, पण तेव्हा चोपड्याहून जळगावला येणंही दुरापास्त होतं. मग गाडी रुळावर आली तोवर पोरगी चालायला लागली होती आणि विषय मागे पडला. तिसऱ्या वर्षी एका शिबिरात हा हात मिळाला. तो दोन लग्नांत घातला आणि मग पत्र्याच्या पेटीत गेला.

मी तो वजनकाट्यावर ठेवला. ३४० ग्रॅम. मोठ्या माणसाला हे काहीच नाही. चार वर्षांच्या मुलीच्या कोपराखाली उरलेल्या सहा सेंटिमीटरला हे ओझं पेलायचं होतं.

तपासणी

कोपर पूर्ण वाकत होता, पूर्ण सरळ होत होता. एक्स-रेमध्ये पुढच्या हाताची दोन्ही हाडं आखूड पण जागच्या जागी. टोकाला मऊ गोलसर मांस आणि त्यावर मोहरीएवढे पाच उंचवटे, एकाला तर नखाचा भास. बोटं व्हायला निघाली होती आणि थांबली, त्याची ती खूण. उजवा हात उत्तम. छातीचे स्नायू दोन्ही बाजूंनी सारखे. हे मुद्दाम बघावं लागतं, कारण पोलंड सिंड्रोममध्ये हाताच्या व्यंगासोबत त्या बाजूचा छातीचा मोठा स्नायूही नसतो. कातडीवर कुठे करकोचा नव्हता, म्हणजे गर्भाच्या पिशवीच्या दोऱ्यांनी आवळलं असावं असंही वाटत नव्हतं. अंगठ्याच्या बाजूचं हाड नसलेली मुलं असतात, त्यांच्यात हृदय, मूत्रपिंड, रक्त हे सगळं तपासायला पाठवतो. हा प्रकार तो नव्हता.

टोकाला हात लावला तेव्हा मुलगी खुदकन हसली. "हाई मन्ही बोंडी शे."

कापसाचं बोंड, तशी ही बोंडी. नाव तिनं स्वतः ठेवलेलं. आम्ही आपसात याला 'स्टंप' म्हणतो, मराठी अहवालात 'खुंट' लिहितो, आणि दोन्ही शब्द तोडलेल्या झाडाचे आहेत. त्या दिवसापासून मी तिच्या कागदावरही बोंडीच लिहिलं.

टेबलावर केळं होतं, ते मी तिला दिलं. आईनं सोलून द्यायला हात पुढे केला, मी खुणेनं थांबवलं. मुलीनं केळं डाव्या कोपराच्या वळणात धरलं, देठ दातांनी तोडलं, उजव्या हातानं तीन साली खाली ओढल्या. बोंडीच्या टोकानं दाबून केळं वर सरकवलं आणि खाल्लं. वीस सेकंदंही लागली नसतील. मग सालं कुठे टाकू म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं.

दोन हात असलेल्या माणसाच्या हाताची नक्कल ती करत नव्हती. तिची पद्धत तिची होती. कडबाकुट्टीत हात गेलेला शेतकरी माझ्याकडे येतो तेव्हा गोष्ट वेगळी असते. त्याच्या मेंदूत गेलेल्या हाताचा नकाशा शाबूत असतो. नसलेली बोटं दुखतात, मुठीत नखं रुतल्यासारखी वाटतात, शर्टाचं बटण लावताना रडू येतं. त्याचं काहीतरी गेलेलं असतं. या मुलीचं काही गेलेलं नव्हतं. गेलं होतं ते तिच्या आईचं, आणि ते मला फार उशिरा कळलं.

माझी चूक

वडिलांना मी सरळ सांगितलं की हाताची गरज नाही.

वैद्यकीयदृष्ट्या माझं म्हणणं चूक नव्हतं. कोपराखाली जन्मतः हात नसलेली मुलं कृत्रिम हाताशिवाय बहुतेक सगळी कामं करतात. अमेरिकेतल्या श्रायनर्स रुग्णालयांनी अशा ४८९ मुलांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. कृत्रिम हात वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या मुलांच्या कामात किंवा जगण्याच्या गुणवत्तेत लक्षात घ्यावा असा फरक त्यांना दिसला नाही. याचं एक साधं कारण बोंडीच्या कातडीत आहे. तिला गरम-गार कळतं, खडबडीत-गुळगुळीत कळतं, केळं किती दाबलं की चेंदतं ते कळतं. तिच्यावर कृत्रिम हाताचा प्लास्टिकचा कप चढवला की हे सगळं झाकलं जातं. वर चाळीस-पंचेचाळीस अंशांत आत घाम साचतो, घामोळं येतं, कप घसरतो.

बोटं हालणाऱ्या हाताचंही मी सांगितलं. दोरीवर चालणाऱ्या हातात विरुद्ध खांद्याला पट्टा असतो, खांदा पुढे केला की तार ताणली जाते आणि आकडा उघडतो. सहा सेंटिमीटरच्या टोकाला त्यासाठी तरफ पुरत नाही. शिबिरांतून मिळणाऱ्या एलएन-४ हाताला कोपराखाली पुरेशी लांबी लागते, ती हिच्याकडे नाही. स्नायूंच्या विद्युत लहरींवर चालणाऱ्या हाताची किंमत लाखांत, बॅटरी रोज चार्ज करायची, पाणी-धूळ चालत नाही. आणि मुलगी वाढती. लहान वयात कप साधारण दरवर्षी बदलावा लागतो.

वडील ऐकत होते. त्यांनी प्लास्टिकचा हात परत वर्तमानपत्रात गुंडाळला. आजी इतका वेळ गप्प होती. उठता उठता सुनेकडे न बघता म्हणाली, "हिनी गिर्‍हाणमा वांगं चिरं व्हतं." गरोदरपणी ग्रहणात हिनं वांगं चिरलं, म्हणून पोरीचा हात गेला, असा त्याचा अर्थ.

आईनं मान खाली घातली. हे वाक्य घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलेलं नव्हतं हे त्या मानेवरून कळत होतं. मी ऐकलं, पण बाहेर सात जण बसले होते.

दोन महिने ते आले नाहीत. अंगणवाडी ताईंकडून निरोप कळला : मॅडमनी हात नाकारला. गोष्ट त्यांच्या बाजूनं बघितली तर तशीच होती. दिवसाची मजुरी बुडवून, चौघांचं भाडं खर्चून माणूस आला आणि 'गरज नाही' ऐकून गेला. मुलीला काय येतं हे मी त्यांना दाखवलं, पण त्यांना काय हवं आहे ते विचारलंच नाही.

आखाजी

श्रावणातल्या कानबाईच्या सणाचे रोट आटोपल्यावर, ऑगस्टच्या मध्यावर, आई एकटी मुलीला घेऊन आली. या वेळी मी लिहायचं पॅड बाजूला ठेवलं.

तिला हवं होतं ते फार वेगळं निघालं. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, ही सासुरवाशिणींची दिवाळी. लेकी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पोरीबाळींना नव्या बांगड्या भरतात. त्या वर्षी १० मे रोजी आखाजी झाली. तिच्या माहेरी कासारणीनं सगळ्या मुलींच्या हातात बांगड्या भरल्या, हिच्या उजव्या हातात भरल्या आणि डावीकडे बघून पुढच्या मुलीकडे वळली. बोंडी टोकाला निमुळती, बांगडी राहत नाही. आणि झोक्यावर बसवलं तर मामी ओरडली, "अगं पडेल ना ती, दोर कसा धरेल?" मुलगी उतरून ओट्यावर जाऊन बसली. पुढच्या दोन आठवड्यांत त्यांनी पेटीतला हात काढून मला गाठलं होतं.

म्हणजे 'बोटं हालणारा हात' या मागणीत खरं तर दोन गोष्टी होत्या : बांगडी आणि झोका.

तिसरी आईनं विचारल्यावर सांगितली, जरा लाजून. ही आपला एकुलता एक हात धुते कशी? डावी बाजू उजवा हात धुतो, पण उजवा हात कोण धुणार? आजवर आईच धुऊन द्यायची. पुढे शाळेत कोण देणार?

मला हा प्रश्न सगळ्यांत आवडला, आणि तो सगळ्यांत स्वस्तात सुटला. वाळलेल्या गिलक्याची (घोसाळ्याची) जाळी घेतली. खानदेशात परसात गिलक्याचा वेल असतोच, एखादं गिलकं बियांसाठी वेलावर वाळू देतात. ती जाळी उभी चिरून लाकडी पाटीवर खिळ्यांनी ठोकली, पाटी मोरीच्या भिंतीला मुलीच्या कमरेच्या उंचीवर. त्यावर साबण चोळायचा आणि तळहात, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या जाळीवर घासायच्या. उजवा कोपर आणि काख बोंडीनं साबण लावून होतात. आठ दिवसांत जमलं. पाटी वडिलांनी ठोकली होती. या प्रकरणात त्यांनी स्वतःच्या हातानं केलेलं ते पहिलं काम, आणि त्यानंतर ते माझ्याशी बोलायला लागले.

सलवारीच्या नाडीऐवजी इलास्टिक, एवढ्यावर तो प्रश्न मिटवला. नाडी बांधायला ती पुढे शिकेल.

कॅलेंडर

तिसऱ्या भेटीला आजी आली. मीच बोलावलं होतं. या वेळी बाहेर कुणाला बसवलं नव्हतं.

आईला प्लास्टिकच्या पिशवीतले गरोदरपणातले कागद आणायला सांगितले होते. त्यात नोव्हेंबर २०१९ ची सोनोग्राफी होती. डोक्याचा घेर, पोटाचा घेर, मांडीच्या हाडाची लांबी, सगळं लिहिलेलं. हातांबद्दल अक्षर नाही. नेहमीच्या मोजमापात मांडीचं हाड असतं. हात मुद्दाम शोधून बघावे लागतात, आणि ते राहून गेलं होतं.

मोबाइलवर २०१९ चं कॅलेंडर काढलं. मुलीच्या जन्मतारखेवरून मागे मोजत गेलो तर गर्भ जुलैच्या मध्यावर राहिलेला. हाताचा अंकुर चौथ्या आठवड्यात फुटतो आणि आठवा आठवडा संपेतो बोटंसुद्धा सुटी होतात. म्हणजे त्या वर्षी राखीच्या आसपास हात उगवायला लागला आणि गणपती उठायच्या आत त्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं. त्या तीन-चार आठवड्यांत कोवळ्या अंकुराचा रक्तपुरवठा कुठेतरी अडला असावा, असं मानतात. बाईनं काय खाल्लं, काय चिरलं, याचा तिथे संबंध येत नाही. औषधांचा येऊ शकतो. १९५७ ते १९६१ या काळात युरोपात थॅलिडोमाइड घेतलेल्या हजारो बायांची मुलं आखूड हातापायांची जन्मली आणि हे वेळापत्रक किती काटेकोर आहे ते जगाला तेव्हा नीट कळलं. या आईनं तसलं काही घेतलेलं नव्हतं.

आणि सूर्यग्रहण? २६ डिसेंबर २०१९. गणपती उठल्यावर साडेतीन महिन्यांनी.

आजीनं कॅलेंडरकडे बराच वेळ पाहिलं. तिला वाचता येत नाही, पण सण कुठल्या महिन्यात हे तिला माझ्याहून पक्कं माहीत. राखी, पोळा, गणपती, दिवाळी असं बोटांवर मोजत ती मार्गशीर्षातल्या अमावास्येपर्यंत आली. मग म्हणाली, "मंग हात गया कथा?"

कुठे गेला नाही आजी, म्हटलं, आलाच नाही. कापसाच्या झाडावर एखादं बोंड भरत नाही, तसं. त्याला विळा लागलेला नसतो.

आजीला हे पटलं की नाही, मला सांगता येत नाही. पण आई तोंडाला पदर लावून रडत होती आणि या वेळी तिची मान वर होती. जाताना तिनं दारात थांबून विचारलं, दुसरं मूल होऊ द्यावं का. चार वर्षं हा प्रश्न तिनं नवऱ्यालाही विचारला नव्हता. एकाच बाजूचा, हात मध्येच आडवा संपलेला, बाकी सगळं ठणठणीत असलेला असा अभाव सहसा घराण्यात चालत नाही. तेवढं मी सांगितलं, आणि पुढच्या खेपेला अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत दोन्ही हात, बोटांसकट, बघून लिहून मागायचे, हे कागदावर लिहून दिलं.

झोक्याचा कप

जानेवारी २०२५ मध्ये कृत्रिम अवयव बनवणाऱ्या सहकाऱ्यानं बोंडीचा प्लास्टरचा साचा घेतला. उथळ कप, आत मऊ फोम, कोपराच्या वर वेल्क्रोचा रुंद पट्टा, हवेसाठी भोकं. टोकाला हात नाही, बोटं नाहीत. रबराचा इंग्रजी सी-सारखा उघडा आकडा. त्यात झोक्याचा दोर बसतो, सायकलची मूठ बसते. वजन ११० ग्रॅम.

आकडा उघडा ठेवण्यावर आमचा वाद झाला. वडिलांचं म्हणणं, दोर सुटू नये म्हणून बंद कडी करा. मी नाही म्हणाले. पडताना आपण हात सोडतो. कडीत अडकलेला हात सुटत नाही आणि मग कोपर किंवा खांदा निखळतो. ताणकाटा लावून रबर कमी-जास्त केलं, आठ किलोच्या आसपास ओढ आली की दोर निसटेल असं. सायकललाही हाच नियम. पालकांनी घरच्या घरी पट्ट्यानं मूठ बांधून दिलेली मी पाहिली आहे. तसं करू नये.

३० एप्रिलला आखाजी होती. मला व्हिडिओ आला. कप घालून पहिले दोन-तीन झोके. मग तिनं वेल्क्रो टर्रकन उघडला, कप आईकडे फेकला आणि दोर कोपराच्या वळणात घेऊन, केळं धरलं होतं तशीच, उभ्यानं झोके घ्यायला लागली. मामी या वेळी ओरडली नाही. एवढी मेहनत घेतलेली वस्तू तीन मिनिटांत हवेत भिरकावली गेली याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. आता तो कप सायकलसाठी आहे आणि आजीबरोबर हंडा धरायला. झोक्यासाठी नाही.

बांगडीसाठी मी हलका, तिच्या रंगाचा, न हालणारा हात सुचवला होता. घालायचा तेव्हा घालायचा, नाहीतर नाही. दिसण्यासाठी हात हवासा वाटण्यात मला कमीपणा दिसत नाही. त्याची गरज पडली नाही. आजीनं तिच्या गाठोड्यातली चांदीची वाकी काढली आणि डाव्या दंडात चढवली. "बांगडी हातनी रास, वाकी दंडनी रास. दंड शे ना तिले." बांगडी हाताची असते, वाकी दंडाची, आणि दंड आहे ना तिला. वाकी सैल होती, दोऱ्यानं बांधली होती. बाकीच्या मुली त्या वाकीसाठी भांडल्या म्हणे.

त्याच दिवसांत आईच्या पोटात दुसऱ्या बाळाच्या हाताची बोटं सुटी होत होती. हे मी नंतर तारखा मोजून काढलं. तेव्हा तिलाही फक्त पाळी चुकल्याचं माहीत होतं. जुलैत सोनोग्राफी झाली. तिनं माझा कागद पुढे केला आणि डॉक्टरांनी लिहून दिलं : दोन्ही हात, दोन्ही तळवे, बोटं दिसली.

७ सप्टेंबर २०२५ ला चंद्रग्रहण होतं. रात्री दहाच्या सुमाराला लागून दीडच्या सुमाराला सुटणारं. सहावा महिना सरत आलेला, अगदी मागच्या खेपेसारखा. संध्याकाळी सातला तिचा फोन आला. "मॅडम, ग्रहणात बसू का मी? आत्याबाई म्हणतात बस." आत्याबाई म्हणजे तिची सासू, मुलीची आजी.

बसायचं तर बस, म्हटलं, पण उपाशी बसू नको आणि पाणी सोडू नको. हातांचा हिशोब मे महिन्यातच संपला आहे, तुला माहीत आहे. तिनं हो म्हटलं. मागून आजीचा आवाज आला, काय म्हणतात मॅडम म्हणून. आईनं सांगितलं असावं. थोडा वेळ भांड्यांचा आवाज, मग आजी फोनच्या जवळ येऊन : "पाणी दिसू मी तिले. पण सुरी नही." पाणी देईन, पण सुरी नाही.

मी सुरीचा आग्रह धरला नाही. कप घट्ट होतोय, दिवाळीनंतर नवं माप घ्यायला यायचं ठरलं.